'मिरी'ला हवेत यवतमाळचे हात

३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओ मोहिमेच्या दिवशी पाच वर्षांखालील १२ बालकांना लशीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सगळी बचावली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि बातमी देशभर गेली. त्या दिवशी मोहीम ठरलेली होती, केंद्र ठरलेले होते, मुलेही बरोबर वयाची होती. राहून गेली ती एकच पायरी : बाटलीत नेमके काय आहे हे पाहण्याची.

हीच चूक संगणकाच्या आज्ञावलीतही होते आणि तिथे ती डोळ्यांना दिसत नाही. संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले असंख्य खाने. आज्ञावली अमुक खान्यातला आकडा उचल आणि वापर असे सांगते. त्या खान्यात अजून काही भरलेच नसेल, किंवा तो खाना मधल्या काळात दुसऱ्या कामासाठी दिला गेला असेल, तरी यंत्र तक्रार करत नाही. जे हाताला लागेल ते उचलते आणि पुढे जाते. शंभर वेळा निभावून जाते आणि एकशे एकाव्या वेळी भलताच आकडा बाहेर पडतो. अतिदक्षता विभागातील इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटर, मॉनिटर, प्रयोगशाळेतील रक्तपेशी मोजणारे यंत्र, हे सगळे आज आज्ञावलीवर चालते. तिथे भलता आकडा म्हणजे भलता डोस.

ही भीती काल्पनिक नाही. 'थेरॅक-२५' या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक किरण दिले. त्यातील काही रुग्ण दगावले. आधीच्या यंत्रात चूक झाली तर वीज तोडणारी यांत्रिक सोय होती. नव्या यंत्रात ती काढून सारा भरवसा आज्ञावलीवर टाकला होता. चालकाने पडद्यावरची नोंद झपाट्याने दुरुस्त केली, तर यंत्राच्या आतल्या दोन कामांचा मेळ चुकत असे. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञासोबत बसून तीच कळांची चाल पुन्हा पुन्हा करून पाहिली आणि बिघाड हुकमी घडवून दाखवला. 'कधीतरी असे होते' या तक्रारीला कोणी दाद देत नव्हते. 'असे केले की असेच होते' हे दाखवल्यावर मात्र कंपनीला ऐकावेच लागले.

भारतात ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून ती लागू झाली. म्हणजे कायद्याच्या लेखी आज्ञावली ही आता औषधाच्या पंक्तीला बसली आहे. पण गोळीचा नमुना औषध प्रयोगशाळेत तपासता येतो, तसा आज्ञावलीचा नमुना कुठे तपासायचा? जगभरातील उपकरण उत्पादक आपल्या यंत्रांत ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वाचता व सुधारता येणारी, आज्ञावली मोठ्या प्रमाणावर वापरतात. ती कोणी लिहिली, कशी पारखली, हे रुग्णालयाला कळत नाही. म्हणून तिची पारख करणारी साधने महत्त्वाची. त्यांतील एकाचे नाव 'मिरी'.

मसाल्यातल्या मिरीशी त्याचा संबंध नाही. 'रस्ट' नावाची संगणकभाषा आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली आणि डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. मेमरीच्या चुका मुळातच होऊ नयेत असे कडक नियम ही भाषा घालते. माणसाने लिहिलेल्या ओळींचे यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर हे नियम तपासतो. मात्र काही ठिकाणी लेखकाला 'इथली जबाबदारी माझी' असे सांगून नियमांतून सूट घेता येते. यंत्राच्या अगदी जवळून काम करायचे तर ती घ्यावीच लागते. धोका नेमका तिथेच असतो.

कंपायलर भाषांतर एका झटक्यात करत नाही. मूळ ओळी आणि यंत्रभाषा यांच्या मध्ये तो स्वतःच्या सोयीचे एक मधले रूप तयार करतो. मिरी हा इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषा. तो हे मधले रूप हाती घेतो आणि एकेक पायरी स्वतः चालवून बघतो. प्रत्येक खान्याची तो स्वतंत्र नोंद ठेवतो : हा भरला होता का, अजून आपल्याच ताब्यात आहे का, एकाच वेळी दोघे त्यात लिहीत तर नाहीत ना. नियम मोडला की तो तिथेच थांबतो आणि ओळ दाखवतो. कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठात स्कॉट ओल्सन यांनी विद्यार्थी असताना हे काम सुरू केले. पुढे राल्फ युंग आणि अनेक स्वयंसेवकांनी ते वाढवले. रस्टच्या स्वतःच्या ग्रंथालयातही, जे सगळे डोळे झाकून वापरतात, मिरीने चुका पकडल्या आहेत. रांगेतील नोंदी छापून दाखवणारा एक भाग कधीच न भरलेले खाने वाचत होता. लेबल न पाहता बाटली उचलावी, तसेच हे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मिरी अतिशय हळू चालतो. जी वाट चालवून पाहिली, तिच्यावरचाच खड्डा त्याला दिसतो. न चालवलेल्या वाटेबद्दल तो काही बोलत नाही. थेरॅकसारखा वेळेचा प्रत्येक घोळ त्याला सापडेल असेही नाही. थुंकीचा एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून क्षयरोग नाहीच असे कोणी डॉक्टर लिहून देत नाही. तसाच मिरीचा हिरवा शेरा वाचायला हवा.

आता प्रश्न हातांचा. मिरी कंपायलरच्या आतल्या भागांना थेट जोडलेला आहे. किंबहुना त्याचे मुख्य इंजिन कंपायलरच्याच पोटात आहे. काही हिशेब भाषांतर करतानाच उरकून टाकण्यासाठी कंपायलरही तेच इंजिन वापरतो. याचा फायदा असा की, कंपायलर जे समजतो तेच मिरी तपासतो. तोटा असा की, हे आतले भाग कायम तसेच राहतील अशी हमी कोणी देत नाही. ते सतत बदलतात आणि बदलले की मिरीची जुळणी पुन्हा करावी लागते. म्हणूनच तो कंपायलरच्या रोज रात्री तयार होणाऱ्या ताज्या आवृत्तीवरच चालतो. प्रयोगशाळेत रसायनाची नवी खेप आली की यंत्राचे कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते. तिथे ते काम पगारी तंत्रज्ञ करतो. इथे त्याचा मोठा भार स्वयंसेवकांवर आहे.

हे ऐकून नवखा घाबरतो. कंपायलरचे पोट उघडायचे म्हणजे मोठ्या पंडितांचे काम, असे त्याला वाटते. पण सुरुवात तिथून करावी लागत नाही. आज्ञावली फाइल उघडायला, वेळ विचारायला, नेटवर्कवरून माहिती घ्यायला ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. मिरी तिला बंद खोलीत चालवत असल्याने या प्रत्येक सेवेची नक्कल त्याला स्वतः करावी लागते. ज्या सेवेची नक्कल अजून लिहिलेली नाही, तिथे तो 'हे मला जमत नाही' म्हणून थांबतो. एखादे उपयोगी ग्रंथालय घ्यावे, मिरीवर चालवावे, कुठे अडते ते शोधावे. अडलेला भाग छाटत छाटत दहा ओळींत आणावा आणि तसा अहवाल द्यावा. हेगर यांनी केले ते हेच. त्यापुढची पायरी म्हणजे हरवलेली नक्कल लिहिणे आणि तिच्यासोबत चाचण्या देणे. मिरीकडे दोन प्रकारच्या चाचण्या असतात. बरोबर आज्ञावली सुखरूप पार पडलीच पाहिजे आणि मुद्दाम चुकवलेली पकडलीच गेली पाहिजे. पॅथॉलॉजीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल ठेवतात, ते यासाठीच. रस्ट प्रकल्पाने २०२४ मध्ये 'गुगल समर ऑफ कोड'मध्ये भाग घेतला, तेव्हा नेटवर्कची कामे हाताळणारे 'टोकियो' हे ग्रंथालय मिरीवर चालावे, हे काम त्यात होते.

कंपायलरच्या आत शिरण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक उदय खेडकर यांनी तेथे 'जीसीसी रिसोर्स सेंटर' उभे केले. जीसीसी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केलेला कंपायलर, पुढे प्रचंड विस्तारलेला. त्याचे पोट विद्यार्थ्यांना समजावे म्हणून या केंद्राने कार्यशाळा घेतल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांचे कंपायलरमधील डेटा प्रवाहाच्या विश्लेषणावरील पुस्तक २००९ मध्ये आले. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात ओपन सोर्स साधनांचे धडे मराठीतूनही मिळतात. म्हणजे पाया आहे. तो मुंबईपुरता राहू नये.

इथे एक इशारा. ऑक्टोबर २०२० मध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात चार सुधारणा पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. जगभरातून एखादा शब्द बदललेल्या निरर्थक सुधारणांचा पूर आला. सांभाळणाऱ्यांचे दिवस त्या निस्तरण्यात गेले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. संख्येचे उद्दिष्ट दिले की काय होते, हे आरोग्य खात्यात काम केलेल्याला वेगळे सांगायला नको. कागद भरतात, काम होत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले न वाचलेले अहवाल पाठवले, तर तोच प्रकार पुन्हा होईल.

म्हणून यवतमाळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी संस्थेने, पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयाने एक साधी गोष्ट करावी. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात अशा कामाला मान्यता द्यावी. गुण सुधारणांच्या संख्येवर नकोत. विद्यार्थ्याने एक बिघाड हुकमी घडवून दाखवला का, त्याचे कारण सांगता आले का आणि परीक्षकांच्या शंकांना त्याने वर्षभर चिकाटीने उत्तर दिले का, यावर हवेत. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि धीर असणारा एक मार्गदर्शक पुरतो.

रुग्णालयांचाही यात वाटा आहे. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो. पण पंप अडला की तो बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे, हीच वॉर्डातली रीत आहे. त्या वेळी कोणती कळ दाबली होती, पडद्यावर काय दिसले, किती वाजले होते, एवढे तीन ओळींत परिचारिकेने किंवा निवासी डॉक्टरने लिहून ठेवले तर ती नोंद अभियंत्याच्या कामाची होते. 'मशीन खराब' या दोन शब्दांतून कोणालाच काही कळत नाही.

चूक करणाऱ्याला निलंबित करणे सोपे असते. चूक हातून सुटण्याआधी पकडणारी पायरी उभी करणे आणि ती रोज जागती ठेवणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्याची बातमी होत नाही. मिरी ही अशीच एक पायरी आहे. तिला जागे ठेवणाऱ्यांत राळेगाव, दारव्हा, वणीच्या मुलामुलींची नावे दिसू लागली, तर त्याचा लाभ कुठल्या तरी वॉर्डात पंपाखाली झोपलेल्या रुग्णाला होईल. त्याला त्यांची नावे कधी कळणार नाहीत, पण त्याला डोस बरोबर मिळेल.