सायलेन्सर चौकात नको, गॅरेजात पकडा

जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे आणि त्यांच्यावरून रोड रोलर फिरवायचा, हे दृश्य पुण्या-नागपुरात लोकांनी पाहिलं आहे. कारवाई व्हायलाच हवी आणि ती करणाऱ्या पोलिसांबद्दल मला आदर आहे. पण मी अंबरनाथ पूर्वेला दुचाक्या दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. रोलरखाली चपटा होणारा पाइप बघितला की मला एवढंच विचारावंसं वाटतं, हा बसवला कुणी? बहुतेक पोरं घरी बसून हे करत नाहीत. आमच्यापैकीच कुणीतरी पाना फिरवलेला असतो आणि मजुरी खिशात टाकलेली असते.

काम सोपं आहे. बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढायला क्लॅम्प सैल करायचा, मागच्या बाजूचा बोल्ट काढायचा, की आला हातात. तेव्हा त्याचं वजन कळतं, आणि ते वजन उगाच नसतं. आत कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून सुटलेला आवाज या कप्प्यातून त्या कप्प्यात वळत, आपटत जातो आणि बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर मोडतो. त्याच्या जागी जो ‘इंदौरी’ पाइप बसतो तो हलका, कारण आत जवळजवळ सरळ नळी. काही पाइपांच्या तोंडाशी ‘डीबी किलर’ म्हणून एक छोटी नळी स्क्रूवर धरलेली असते. पोरं ती गॅरेजच्या दारातच काढून डिकीत टाकतात. खोक्यावर कधी कधी ‘फक्त रेसिंगसाठी’ असंही छापलेलं असतं. शहाडपासून बदलापूरपर्यंत रेसिंगचा ट्रॅक नाही. हा माल रस्त्यावर पळणार आहे, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

वर फटाका. चालत्या गाडीचं इंजिन बटणानं बंद करायचं, थ्रॉटल उघडा ठेवायचा आणि पुन्हा बटण दाबायचं. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन बसतं आणि तिथं भडकतं. त्या धक्क्यानं आणि उष्णतेनं बीएस-सिक्स गाडीच्या पाइपातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. ‘काका, पिकअप वाढेल ना?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, बाबा, नुसता पाइप बदलून तुझ्या गाडीला जाणवेल इतकी ताकद येत नाही. येतो तो फक्त आवाज.

आता आवाजाचं गणित. १७५ सीसीच्या वरची दुचाकी कारखान्यातून निघताना ८० डेसिबलच्या आत असावी लागते, ८० ते १७५ सीसीची ७७च्या आत. ही मर्यादा २००५ पासून आहे. डेसिबल साध्या बेरजेसारखे वाढत नाहीत. दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. आणि निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानं आवाज किती चालतो? ४५ डेसिबल.

हे आकडे उल्हासनगरच्या गल्लीत आणून बघा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं लष्कराच्या ज्या बॅरेकमध्ये येऊन राहिली, त्यांच्या नंबरांवरून आजही पत्ता सांगितला जातो. दार उघडलं की थेट गल्ली, समोर हाताच्या अंतरावर दुसरी भिंत. त्या अरुंद जागेत आवाज विरत नाही, भिंतींवर आपटत राहतो. मध्यवर्ती रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र आहे, पण रात्री भरधाव निघालेल्याला ते कोण सांगणार? अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. बदलापूरला शेवटच्या लोकलनं उतरलेला माणूस मध्यरात्रीनंतर अंथरुणाला पाठ टेकतो आणि पहाटे पुन्हा फलाटावर उभा असतो. त्याच्या वाट्याला आलेल्या त्या चार तासांत कुणी खिडकीखाली फटाका फोडला तर ती झोप त्याला परत मिळत नाही. पावसाळ्यात रविवारी कोंडेश्वर आणि बारवीकडे टोळ्या निघतात, तेव्हा कल्याण-बदलापूर रस्त्याकाठच्या घरांत तान्ही मुलं दचकून उठतात. याला मी हौस म्हणणार नाही. बुलेटचा मूळ ठोका मलाही मनापासून आवडतो आणि तो कंपनीच्या सायलेन्सरमधून छान ऐकू येतो.

चौकातली कारवाई पुरत नाही, कारण कंपनीचा सायलेन्सर घरी पोटमाळ्यावर ठेवलेला असतो. मोहीम सुरू झाली की तो चढतो, संपली की उतरतो. पीयूसीलाही हा पाइप अडत नाही. तिथं पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, आवाज कुणी मोजत नाही. मोजायला अवघड काही नाही. पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरून उभ्या गाडीचा आवाज घेण्याची पद्धत ठरलेली आहे. पीयूसी केंद्रावर एक मीटर आणि दोन मिनिटं, एवढ्यात हे होईल.

कायदाही कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडणारी गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड, तुरुंगवासाची तरतूद आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण प्रत्यक्षात सगळा भार मालकावर आणि चालवणाऱ्यावर पडतो. ज्यानं पाइप विकला आणि ज्यानं बसवला, ते दोघे दुसऱ्या दिवशी शटर उघडून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत असतात. मी नाही म्हटलं की पोरगं तिथं जातं. नुकसान माझं होतं आणि पाइप शेवटी बसतोच. म्हणून प्रामाणिक गॅरेजवाल्यालाही सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम हवा आहे.

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं पोलिसांना आवाज मोजायची यंत्रं पुरवा, असं राज्य सरकारला बजावलं. ती यंत्रं गणपती-नवरात्रापुरती बाहेर काढू नयेत. सायलेन्सर काढून घेतला की तो कुठून आणला आणि कुणी बसवला, हे चलनासोबत लिहून घ्या. महिनाभराची अशी नोंद जमली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातली नेमकी दुकानं समोर येतील. मग वाहतूक पोलीस आणि कल्याण आरटीओनं मिळून त्या दुकानांत जावं, आणि ज्याच्या नावावर तीन-चार पाइप निघाले त्याचा महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना थांबवावा. तपासणी माझ्या गॅरेजपासून सुरू केली तरी चालेल. रॅकवरचा माल आणि बिलबुक दोन्ही दाखवतो.