ऋतुप्राप्तीचे वय आणि मुलींचे ताट

तिसरी-चौथीतील मुलगी 'मोठी' झाल्याची कुजबुज पुण्यातील सुशिक्षित घरांतून हल्ली वारंवार कानी येते, आणि त्याचे खापर बहुधा पिशवीच्या दुधावर फुटते. आमच्या मते हा दुधावर अन्याय आहे.

ऋतुप्राप्तीच्या वयावरून हे शहर पूर्वीही खवळले होते. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. त्या विधेयकास टिळकांनी कडाडून विरोध केला, तर आगरकर व डॉ. भांडारकर सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. वाद रंगला तो गर्भाधानाच्या शास्त्रवचनांवर. मुलीच्या ताटाकडे वळण्याचे ते दिवस नव्हते.

आज त्या ताटाविषयी पुष्कळ कळले आहे. शरीरात पुरेशी चरबी साठली की लेप्टिन नावाचे संप्रेरक मेंदूस तशी वर्दी देते. १९९४ साली ते सापडले. ही वर्दी म्हणजे हुकूम नव्हे, परवानगी होय. परंतु गुटगुटीत मुलीत ती लवकर पोचते आणि उपाशी मुलीत रेंगाळते. मात्र किती खाल्ले एवढाच हा हिशेब नाही. आधी काय घडले आणि मागून काय, यालाही महत्त्व आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील अनेक मुली आरंभी खुरटलेल्या होत्या. नव्या घरी त्या झपाट्याने वाढल्या; पण निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली, आणि हाडांची वाढ लवकर थांबून कित्येक ठेंगण्या राहिल्या.

हे दूरदेशीचे कौतुक म्हणून सोडून देता येत नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांची व मुलांची पाहणी चालविली. तेथील नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोंची, तरीही आपल्या बाळांत स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरली. असे कृश पण चरबीचे मूल पुढे वेफर्स, बिस्किटे आणि बाटलीबंद गोड पेये यांवर वाढले, तर स्वीडनमध्ये जे घडले तेच घरबसल्या घडण्याचा धोका आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे येथील जहांगीर रुग्णालयाच्या बालतज्ज्ञांनी नोंदविले; त्या काळात मुलांचे मैदान बंद आणि फडताळ उघडे होते, हे पालकांस सांगावयास नको.

म्हणून मुलीचे दूध तोडू नये, तिला अर्धपोटी ठेवणे तर निखालस चुकीचे. तोडावयाचे ते खाऊच्या नावाने घरात येणारे साखरपाणी व तळण. आठव्या वर्षाआधी स्तनवाढ दिसल्यास लाज न बाळगता बालतज्ज्ञ गाठावा. मुलग्यांत हीच मर्यादा नऊची. शाळांनी प्रत्येक मुलीची उंची व वजन दर सहा महिन्यांनी मोजून तक्ता पालकांच्या हाती द्यावा. आणि महापालिकेने प्राथमिक शाळांतील मुलींच्या स्वच्छतागृहांत पाणी, कडी व झाकणाची टोपली आहे की नाही, हे याच सहामाहीत पाहून घ्यावे.