पत्रिका घरी घडवताना



चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा उलटली, की घराघरांत विवाहाची बोलणी पुन्हा सुरू होतात आणि पाठोपाठ पत्रिकांच्या नमुन्यांचे जाडजूड आल्बम दिवाणखान्यात येऊन पडतात. मखमलीची पेटी, तिच्यात सुक्या मेव्याचे चार कप्पे, वर सोनेरी गोंडा आणि तळाशी कुठेतरी वधूवरांची नावे, असे आजच्या पत्रिकेचे रूप झाले आहे. अशा वेळी काही तरुण मंडळी पत्रिका घरीच घडवू पाहतात, याचे मला कौतुक वाटते. त्यात बचत होते हे खरे. परंतु ते कारण मी गौण मानतो, आणि हे उभे आयुष्य बँकेत काढलेला माणूस म्हणतो आहे, याची नोंद घ्यावी.

हाताने घडवलेले पत्र आपल्या परंपरेला नवे नाही. आचार्यांनी आपल्या गावी चातुर्मास करावा, अशी विनंती करणारी विज्ञप्तिपत्रे श्वेतांबर संघ कित्येक शतके पाठवीत असत. कागदाला कागद जोडून केलेल्या त्या लांबच लांब गुंडाळ्यांवर मंगलचिन्हे, गावातील पेठा आणि जिनालये रंगवलेली असत आणि मग संघाची विनंती येई. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र शालिवाहन नावाच्या चित्रकाराने रंगवले असून, जहांगीर बादशहाच्या जीवहत्याबंदीच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. निमंत्रण म्हणजे केवळ तारीख कळवणे नव्हे, हे त्या मंडळींना ठाऊक होते.

घरी पत्रिका करायची म्हटल्यावर पहिला विचार सामग्रीचा करावा लागतो. तयार पत्रिका घेताना तो आपण करत नाही. पत्रिकेला बांधलेली रेशमी दोरी कोष उकळून काढलेल्या धाग्याची असते. हल्ली पाकिटावर लाखेची मोहर उमटवण्याची हौस आली आहे. लाख हा किड्यांचा स्राव, आणि तो फांद्यांवरून खरवडताना असंख्य जीव त्यात जातात. सरस कातडी व हाडांपासून बनतो आणि काही प्रकारच्या कागदांवर त्याचा हात दिलेला असतो. जेवणात कंदमूळ येऊ नये म्हणून आचाऱ्याला दहा वेळा बजावणारे आपण, पत्रिकेच्या बाबतीत एक प्रश्नही विचारत नाही, हे मला विलक्षण वाटते. रेशमाऐवजी हळदीत रंगवलेला सुती दोरा चालतो, मोहरेऐवजी कुंकवाचे बोट चालते, सरसाऐवजी बाभळीचा डिंक किंवा मैद्याची खळ चालते. खळ मात्र लागेल तेवढीच शिजवावी आणि त्याच दिवशी संपवावी. शिळ्या खळीत जीवोत्पत्ती होते. बांधणीकार तीत मोरचूद घालतात ते किडे मारण्यासाठीच. आपल्याला त्याची गरज नाही.

कागद सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्यावा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते. सरसाबद्दल विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. जाड हातकागद घरच्या मुद्रणयंत्रात अडकतो, म्हणून आधी एकच ताव घालून पाहावा, आणि छापल्यावर त्यावर ओले कुंकू लावून शाई पसरते का तेही तपासावे. ए-४ आकाराच्या २५० जीएसएम तावाचे दोन समान भाग केले की प्रत्येकाचे वजन साधारण ८ ग्रॅम भरते. तो दुमडून ११४ × १६२ मिलिमीटरच्या पाकिटात नीट बसतो आणि पाकिटासह २० ग्रॅमच्या आत राहतो. अक्षरवळण निवडताना मराठी वळणाचे ल आणि श असलेले घ्यावे. ‘तिरो देवनागरी मराठी’ हे वळण विनामूल्य मिळते.

आता थोडे नाजूक. पत्रिकेवर णमोकार मंत्र आणि भगवंतांची प्रतिमा छापण्याची पद्धत सर्वत्र आहे. पाचशे पत्रिकांचे लग्न झाल्यावर काय होते, ते रद्दीवाल्याला विचारावे. ही आशातना आपण आपल्या हाताने, पैसे मोजून करतो. घरी करताना यातून सहज सुटता येते. जिनालयात ठेवायची पहिली पत्रिका हाताने लिहावी, तिच्यावर मंत्र लिहावा; बाकीच्यांवर नुसते ‘जय जिनेन्द्र’ पुरेसे आहे.

मजकूर हा या कामाचा सर्वांत अवघड भाग. छापखान्यात तो तयार असतो, आपण नावे भरतो. घरी कोऱ्या कागदासमोर बसल्यावर प्रत्येक शब्द ठरवावा लागतो. वीर निर्वाण संवत जुन्या पत्रिकेवरून उतरवू नये. दिवाळीनंतरचा विवाह असेल तर इसवी सनात ५२७ मिळवावेत, नव्या वर्षाच्या जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५२६. भोजन सूर्यास्तापूर्वी आहे, हे वेळेसह लिहावे, म्हणजे दुरून येणारे त्या बेताने निघतात.

आमच्या पुतणीच्या विवाहात हाच मजकूर दोन रात्री अडला होता. माझे धाकटे बंधू हयात नाहीत. रिवाजाप्रमाणे निमंत्रक म्हणून माझे व माझ्या पत्नीचे नाव यायचे, आणि जिने एकटीने मुलीला वाढवले त्या वहिनींचे नाव खाली, ‘गं. भा.’ लावून, इतर नातलगांच्या ओळीत. पुतणीने मसुदा वाचला आणि शांतपणे विचारले, “काका, मला लग्नाला बोलावणारी माझी आई नाही का?” माझ्या आत्याबाई म्हणाल्या, शुभकार्याच्या कागदावर पहिले नाव असे नको. वहिनी तर स्वतःच म्हणाल्या, “राहू दे, वाद नको.” मी मसुदा पुन्हा लिहिला: निमंत्रक म्हणून पहिल्या ओळीत वहिनींचे पूर्ण नाव, मागे कोणतीही उपाधी नाही, दुसऱ्या ओळीत आम्ही. आत्याबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी पाकिटांवर पत्ते लिहायला माणूस कमी पडला, तेव्हा चष्मा घेऊन त्या येऊन बसल्या. अक्षर त्यांचेच सर्वांत चांगले होते. वहिनींनी छापलेली पत्रिका हातात घेऊन बराच वेळ काहीच म्हटले नाही.

एक व्यावहारिक बाब. पत्रिका हा पुरावाही असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर विवाहासाठी अडीच लाख रुपयांपर्यंत काढण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली, तेव्हा मागितलेल्या पुराव्यांत विवाहाची निमंत्रणपत्रिका होती. आमच्या काउंटरवर त्या दिवसांत कित्येक पत्रिका हळदीकुंकवासह आल्या. विवाहनोंदणीच्या वेळीही ती मागतात. म्हणून वधूवरांची नावे आधारपत्रावर आहेत तशीच छापावीत, विवाहस्थळाचा पत्ता पूर्ण द्यावा, आणि पाच प्रती वाटपाच्या गठ्ठ्यात न मिसळता कपाटात वेगळ्या ठेवाव्यात.