गरिबाचा वाटा

परंपरेने ६ जानेवारी हा प्रभू प्रकटीकरणाचा दिवस. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूचे दर्शन झाले, त्याचे हे स्मरण. फ्रान्समध्ये, विशेषतः त्या देशाच्या उत्तर भागात, ह्या सणाला 'गालेत दे रवा' म्हणजे 'राजांची गालेत' नावाचे पक्वान्न करतात. आपल्या बेकऱ्यांतील खारी ज्या जातीची, त्याच जातीच्या पफ पेस्ट्रीच्या दोन गोल चकत्यांमध्ये बदामाचे सारण भरायचे, कडा मिटवायच्या, वरून बलक लावून सुरीने नक्षी रेखायची आणि सोनेरी रंग येईपर्यंत भट्टीत भाजायचे. सारणात 'फेव्ह' दडवलेला असतो. पूर्वी तो खरोखरीचा शेंगेतला दाणा असे, आता चिनीमातीची चिमुकली आकृती असते. ज्याच्या तुकड्यात फेव्ह सापडेल तो त्या दिवसाचा राजा!

अलीकडे ह्या गालेतमध्ये जपानचा मात्चा आला आहे. बदामाच्या सारणात ही हिरवी चहापूड मिसळली जाते आणि गालेत कापताच आतून पाचूचा रंग डोकावतो. त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ही सणाची विटंबना. दुसरा म्हणतो, नावीन्य नसेल तर सण शिळा होतो. माझे म्हणणे असे की, दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत.

प्रथम शुद्धतेच्या कैवाऱ्यांविषयी. ज्या 'मूळ' गालेतचा ते अभिमान धरतात, तिच्यातील फेव्हच्या राजाविरुद्ध १६६४ साली एका धर्मपंडितानेच लेखणी उचलली होती. सेनलीस येथील कॅथेड्रलचे डीन जाँ देलियाँ ह्यांच्या मते ही प्रथा म्हणजे मूर्तिपूजक रोमन उत्सवांचा अवशेष होता. आज जे पवित्र वाटते ते काल संशयास्पद होते, एवढे जरी ध्यानात घेतले तरी आवाज खाली येईल. शिवाय गालेतमधील साखरेचे काय? उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेली. आणि ज्यांच्या नावाने हा सण, ते ज्ञानी पुरुष तरी कोठले? तेही परदेशीच होते. गव्हाणीपाशी त्यांचे सोने, ऊद आणि गंधरस कोणी परत केले नाहीत. पूर्वेची देणगी स्वीकारण्याच्या दिवशी पूर्वेच्या चहाला दार बंद करणे ह्यात कसली निष्ठा?

मात्चा ख्रिस्तसभेला अपरिचितही नाही. सोळाव्या शतकात जपानमध्ये कार्य करणाऱ्या येशूसंघीयांच्या निवासांत पाहुण्यांसाठी चहाची व्यवस्था असावी, असा दंडक फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो ह्यांनी घालून दिला होता. चहाविधीचे श्रेष्ठ आचार्य सेन नो रिक्यू ह्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी ताकायामा उकोन हे सरदार ख्रिस्ती होते. १५८७ साली श्रद्धा आणि जहागीर ह्यांतून एक निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी जहागीर सोडली. १६१४ मध्ये ते हद्दपार झाले आणि १६१५ मध्ये मनिला येथे वारले. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. वसईकरांना आणखी सांगायला हवे काय? आपले संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण ठेवला, तो ह्याच काळात, ह्याच भूमीवर.

आता नावीन्याच्या कैवाऱ्यांविषयी. मात्चा म्हणजे त्यांना केवळ एक रंग वाटतो. परंतु त्या पुडीमागे किती संयम आहे! तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे रोपांवर सावली धरतात, पाने वाफवून वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि मग उरलेले दगडी जात्यावर सावकाश दळतात. पफ पेस्ट्रीचाही धर्म हाच. कणकेत लोणी गुंडाळून लाटायचे, तीन पदरी घडी घालायची. अशा सहा घड्यांत लोण्याचे ७२९ थर होतात. मधूनमधून कणकेला थंड जागी विसावा द्यावा लागतो. घाई केली की लोणी वितळते, पदर चिकटतात आणि भट्टीतल्या वाफेला उचलायला काही उरत नाही. शंभर ग्रॅम बदामपूड, तितकीच साखर, तितकेच लोणी, दोन अंडी आणि पाच-सहा ग्रॅम मात्चा इतके सारण पुरे. मात्चा अधिक घातला तर कडवटपणा वर येतो. असे धीराचे पक्वान्न दुकानदार नाताळ सरण्याआधीच काचेत मांडू लागतात, जानेवारी संपेपर्यंत विकत राहतात आणि दरवर्षी नवा रंग शोधतात. सण मागे पडतो, उरतो तो हंगाम.

परंतु खरी हानी ह्याहून खोल आहे. जुन्या फ्रेंच घरांत गालेत कापण्याची एक रीत होती. जेवायला जितकी माणसे, त्याहून एक तुकडा अधिक कापायचा. त्याला 'गरिबाचा वाटा' म्हणत, कोठे 'देवाचा वाटा', तर कोठे 'पवित्र मरियेचा वाटा'. घरातले धाकटे मूल मेजाखाली बसून कोणता तुकडा कोणाचा हे पुकारी, म्हणजे पक्षपाताला वाव राहत नसे. त्या पुकारण्यात दारात येणाऱ्या अनोळखी माणसाचीही गणना होई. आज फेव्ह उरला आहे, कागदी मुकुट उरला आहे, पण तो जादा तुकडा क्वचितच कोठे दिसतो. फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात १९७५ पासून दर जानेवारीत गालेत आणली जाते. प्रजासत्ताकात राजा नको म्हणून तिच्यात फेव्ह घालत नाहीत. प्रजासत्ताकाने राजाला वगळले, ते समजण्यासारखे आहे. घरांनी गरिबाला वगळले, त्याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करायचे?

कोणी म्हणेल, "फादर, आज दारात येतो कोण? तो तुकडा वायाच जायचा. त्यापेक्षा आम्ही दानपेटीत पैसे टाकतो." दानपेटीला माझा विरोध नाही. पण दानपेटीतला पैसा डोळ्यांआड जातो आणि त्याबरोबर ज्याच्यासाठी तो टाकला तो माणूसही. मेजावरचा रिकामा वाटा मात्र मुलांच्या नजरेसमोर राहतो. "हा कोणाचा?" असे मूल विचारते आणि आईबापांना उत्तर द्यावे लागते. हा प्रश्नच त्या तुकड्याचे मोल. आणि दारात कोणी येत नसेल, तर तो तुकडा घेऊन आपण दाराबाहेर जावे. एकाकी वृद्ध, परगावचा मजूर, रात्रपाळीचा पहारेकरी ह्यांचा पत्ता शोधायला फार हिंडावे लागत नाही.

मात्चाचीही हीच शिकवण आहे. रिक्यूंच्या चहागृहाचे दार मुद्दाम बुटके असे. सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकून आत यावे लागे. आतला सारा विधी पाहुण्यासाठी. तेव्हा ज्या गालेतमध्ये मात्चा आहे आणि पाहुण्याचा वाटा नाही, ती फ्रान्सच्या परंपरेशीही बेइमान आणि जपानच्याही.

म्हणून ज्यांना ही गालेत करावयाची असेल त्यांनी निःशंक करावी, हिरवी करावी किंवा पिवळी. मात्र सुरी हाती घेण्यापूर्वी माणसे मोजावीत आणि त्यात एक मिळवावा.