ओटीवरून : समुद्रावरील गुरुगृह

दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात आमच्या घरी एक प्रसंग घडला. घरातील गोष्ट चव्हाट्यावर आणू नये हे खरे. परंतु हे मासिक ज्या घरी वाचले जाते, त्यांपैकी कित्येकांवर तो आज ना उद्या येणारच, म्हणून लिहितो.

थोरल्या वहिनींची नात बारावीची परीक्षा उतरली आणि एका तिन्हीसांजेस तिने सर्वांदेखत सांगितले, “मी जहाजावरचे शिक्षण घेणार.” वहिनी वाती वळीत होत्या. त्यांनी हात थांबविला नाही. ‘नाही’ एवढा एकच शब्द उच्चारला.

या नकाराचे कारण आमच्या रेवसला कोणासही सांगावे लागत नाही. दिनांक १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. त्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्राने घेतली. कोळ्यांच्या होड्यांनी जे वाचविले ते वाचले. वहिनींचे वडील त्यांत नव्हते. त्या वेळी वहिनी पाच वर्षांच्या होत्या. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी संसार करूनही त्या पुन्हा कधी लाँचमध्ये बसल्या नाहीत. मुंबईस जाणे झाले तर पेणवरून, रस्त्याने.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस विचारले, “भाऊजी, शास्त्र काय म्हणते?” आता शास्त्र आमच्या सोयीचे होते. बौधायनाने समुद्रयान हे पतनास कारण होणाऱ्या कर्मांत प्रथम गणले आहे. एवढे बोललो असतो तर विषय तेथेच संपता. परंतु तोच बौधायन अन्यत्र समुद्रयान हा उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून नोंदवितो. ज्या वाटेने कोणी जातच नाही, त्या वाटेवर पाटी लावण्याचे प्रयोजन काय? आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने वैद्यक शिकावयास अमेरिकेकडे निघाल्या, त्यासही आता एक शतक उलटून गेले. तेव्हा शास्त्राचा आडोसा घेणे आमच्याने होईना.

त्याहून मोठे कारण आमच्या स्वतःच्या चुकीचे होते, आणि ते आम्ही वहिनींस त्या दिवशी प्रथमच सांगितले. आमच्या लहानपणी लाँच भाऊच्या धक्क्यास लागण्यापूर्वी माझगावच्या समुद्रात एक मोठे जहाज नांगरलेले दिसे. ते ‘डफरिन’. १९२७ साली त्यावर व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविण्याची शाळा निघाली. मुले तेथेच राहत, तेथेच जेवत, तेथेच शिकत. पहिल्या तुकडीतील कटारी हे १९५८ साली आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांचे नावही रामदासच! १९७२ साली ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, आणि १९९३ साली ती शाळा ‘चाणक्य’ या नावाने नव्या मुंबईच्या भूमीवर आली.

त्या ‘राजेंद्र’वर जाण्याचा अर्ज १९८४ च्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याने आणला होता. गणितात हुशार, अंगाने काटक. त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला. “पाण्यावरची नोकरी, घरच्यांचा जीव कायमचा टांगणीला लागेल,” असे आम्ही बोललो. अर्ज गेला नाही. तो मुलगा पुढे कारकून झाला, संसार नीट केला, आणि आजही भेटला की वाकून नमस्कार करतो. आम्हांस मात्र तो नमस्कार घेताना संकोच होतो. आमचे भय आम्ही त्यास शहाणपण म्हणून दिले होते.

वहिनींनी हे ऐकून घेतले. आठ दिवसांनी त्या नातीस म्हणाल्या, “आधी पोहायला शीक. मग बघू.” ती शिकली.

एक वर्ष भूमीवरील पाठ संपवून ती आता दीड वर्षाच्या जहाजावरील शिक्षणास गेली आहे. मालवाहू बोट आहे. तिची खुशाली फोनवर लिहून येते आणि आम्ही ती रात्री जेवणे झाल्यावर वाचून दाखवितो. पहिल्या दिवशी पुस्तक नव्हेच. भोंगा वाजताच प्राणरक्षक जाकीट चढवून कोठे उभे राहावयाचे, हा पहिला धडा. पुढे कित्येक दिवस डेकवरील गंज खरवडणे आणि रंग देणे. “आजोबा, हात सोलून निघाले,” असे तिने लिहिले, तेव्हा गुरूसाठी समिधा आणणाऱ्या शिष्यांची आम्हांस आठवण झाली. विद्येपूर्वी सेवा, हा क्रम तेथेही चुकलेला नाही.

पहारा चार तासांचा. मग आठ तासांनी पुन्हा चार. पहाटे चार ते आठ हा तिचा वर्ग. त्या वेळी तारे आणि क्षितिज दोन्ही थोडा वेळ एकदम दिसतात. तेवढ्यात कोनमापकाने ताऱ्यांची उंची घ्यावयाची, गणित करावयाचे आणि नकाशावर आपले स्थान खुणावयाचे. यंत्रे ते क्षणात सांगतात, तरीही हाताने करवून घेतात. केलेल्या प्रत्येक कामाची एका वहीत नोंद होते आणि अधिकाऱ्याची सही झाल्यावाचून ते शिकलो असे म्हणता येत नाही. पूर्वेस पंधरा अंश गेले की घड्याळ एक तास पुढे. “त्या रात्री झोप एक तास चोरीस जाते,” असे ती लिहिते. घरची आठवण सर्वांत अधिक केव्हा येते, असे तिच्या आईने विचारले. उत्तर आले, “कपडे वाळत घालताना.” यावर त्या माउलीने काही न बोलता पदर डोळ्यांस लावला.

परवा एक मजकूर आला : ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच आपला अक्षांश, रेवसला तो सुमारे एकोणीस अंशांवर असतो, बोट दक्षिणेस जाऊ लागली तसा रोज खाली उतरत गेला, आणि विषुववृत्त ओलांडल्यावर दिसेनासा झाला.

वहिनींनी ते दोनदा वाचावयास लावले. विवाहात दाखविलेला ध्रुव तेवढा त्यांस ठाऊक. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “भाऊजी, आपला येथून दिसतो का, दाखवा बघू.”

आम्ही हात धरून त्यांस धक्क्यापर्यंत नेले. पाण्याकडे तोंड करून त्या उत्तरेस पाहत उभ्या राहिल्या. मुंबईच्या दिव्यांच्या उजेडात तो पुसट होता, पण सापडला.

“आहे,” वहिनी म्हणाल्या. “तिला कळवा, येथे आहे म्हणून.”