न मोजलेला ताप

पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबसारख्या गावात कुणी तापाने फणफणले, की पहिली धाव जवळच्या खासगी दवाखान्याकडे असते. प्लेटलेट्स घसरल्या तर बारामती. तिथे कार्ड टेस्ट होते, डॉक्टर डेंगी सांगतात, सलाइन लागते, माणूस बरा होऊन घरी येतो. सरकारी हिशेबात मात्र तो फार तर संशयित असतो, कारण तिथे एलायझासारख्या प्रयोगशाळेतल्या चाचणीशिवाय डेंगी पक्का धरत नाहीत. दवाखान्याने कळवलेच नाही, तर तो संशयितांतही नसतो.

संशोधक डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेल्या अंदाजानुसार, २००६ ते २०१२ या काळात भारतात डेंगीचे वर्षाला सरासरी ५८ लाख रुग्ण होते. सरकारी आकड्याच्या २८२ पट. मदुराईच्या माहितीवरून देशाचा अंदाज बांधला, हा आक्षेप रास्त आहे. पण अंदाज निम्म्यावर आणला तरी तफावत भयंकरच उरते.

याची किंमत गाव मोजते. रुग्णाची नोंद झाली, तरच आरोग्यसेवक त्याच्या आळीत येऊन पाण्याच्या टाक्या तपासतात, धुरळणी होते. नोंद नसेल तर शेजारच्या रांजणात डास वाढत राहतात आणि अहवालात गाव निरोगी दिसते. असे शून्य मला मोठ्या आकड्यापेक्षा जास्त धोकादायक वाटते.

जुलै २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला तापाची साथ होती. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, म्हणून चिकुनगुन्यासोबत राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. तेच रुग्ण खासगी दवाखान्यांत विखुरले असते, तर झिकाचा संशयही कुणाला आला नसता.

सर्वांत मोठे भगदाड ऊसतोडीच्या हंगामात पडते. मराठवाड्यातून आलेली मजुरांची टोळी कोपीत राहते, आज या फडात, उद्या त्या. तिच्यातल्या माणसाचा खोकला बीडने मोजायचा की पुण्याने? क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण उपचार साधारण सहा महिन्यांचे आणि हंगाम बहुधा त्याआधीच संपून टोळी परतते. साखर कारखान्यांकडे टोळ्यांची आणि मुकादमांची यादी असते. ती पहिल्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली पाहिजे, आणि बारामतीच्या प्रत्येक प्रयोगशाळेचा अहवाल त्याच दिवशी रुग्णाच्या गावच्या आरोग्यसेवकापर्यंत पोहोचला पाहिजे.