क्रीडाशिक्षकांची पूर्वचौकशी

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आदरणीय पुरुषाच्या पूर्ववृत्ताची विचारपूस करणें असभ्यपणाचें, ही तिच्यामागील समजूत. सामान्य व्यवहारांत ती शोभतेही. परंतु ज्याच्या हातीं आपण मुलें सोंपवितों त्याच्याविषयीं ही म्हण पाळावी काय, याचा विचार प्रत्येक घरानें केला पाहिजे.

इंग्लंडास हा धडा फार उशिरां मिळाला. बॅरी बेनेल हा क्रू येथील फुटबॉल संघासाठीं कोवळीं मुलें तयार करणारा नामांकित शिक्षक. आईबापांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. १९९४ सालीं फ्लोरिडांत त्याला मुलावरील अत्याचाराबद्दल अटक झाली. पुढें १९९८ पासून मायदेशींही वारंवार शिक्षा झाल्या. २०१६ च्या नोव्हेंबरांत अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूनें बालपणीं सोसलेलें उघडपणें सांगितलें, तेव्हां कुठें इतर अनेकांना कंठ फुटला. २०२१ च्या शेल्डन अहवालांत निदान ६९२ पीडित व २४० संशयित नमूद आहेत.

इंग्लंड व वेल्स येथें २०१२ सालीं स्थापन झालेली सरकारी कचेरी मुलांत काम करणारांचें गुन्हेविषयक दप्तर तपासून दाखला देते. विनावेतन सेवकाकडून त्याची सरकारी फी घेत नाहींत. आपल्याकडेही २०२० च्या पॉक्सो नियमांनीं शाळा, पाळणाघरें व क्रीडाप्रबोधिनी यांवर कर्मचाऱ्यांची वेळोवेळीं पोलीस-पडताळणी करण्याचें बंधन घातलें आहे. मात्र नियमाची भाषा नोकरवर्गाची आहे. सायंकाळीं तालमींत किंवा खो-खोच्या मैदानावर हौसेनें शिकविणारे दादा त्या शब्दांत स्पष्टपणें येत नाहींत. म्हणून मंडळाच्या चालकांनीं आपण होऊन तोच नियम सर्वांस सरसकट लावावा. सर्वांस लावला म्हणजे त्यांत कोणा एकाचा अपमान उरत नाहीं. माझा जन्म शिक्षकींत गेला; असा दाखला मजकडे कोणीं मागितल्यास मी तो संतोषानें आणून देईन.

तथापि दाखला हातीं आला म्हणजे वडीलधारी मंडळी निश्चिंत झाली, असें होऊं नये. दप्तरांत सांपडतो तो एकदां पकडला गेलेला मनुष्य. बेनेलविषयीं १९९४ पूर्वीं चौकशी केली असती तरी शिक्षेची नोंद आढळली नसती. यासाठीं शिक्षकानें एकट्या मुलाला बंद खोलींत थांबवूं नये, परगांवच्या सामन्यांस दोन तरी जबाबदार प्रौढ बरोबर असावे, इतके नियम मंडळाकडे आहेत कीं नाहींत हें प्रवेशाच्या वेळींच विचारावें.

उरलेलें काम घरचें. मोठ्या कुटुंबांत मूल आजीला किंवा काकूला दबकत सांगतें, “मला त्या सरांकडे जायचें नाहीं.” आपण त्याला आळशी ठरवून मैदानावर पिटाळतों. क्वचित् खरें कळलें, तर घराण्याच्या नांवाला बट्टा लागेल म्हणून गप्प बसवितों. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें असा गुन्हा कळल्यावर पोलिसांस वर्दी देणें हें कर्तव्य ठरविलें आहे. १०९८ या दूरध्वनीवरही मुलांसाठीं मदत मिळते. मुलाला खेळावयास अवश्य पाठवावें. परंतु तें परत आल्यावर काय सांगतें, तें न रागावतां पूर्ण ऐकून घ्यावें.